कमरेचा डर्क, मोज्यातली सुरी: स्कॉटलंडच्या हायलँड पोशाखातली दोन हत्यारे

स्कॉटलंडमधल्या लग्नाचा एखादा फोटो नीट पाहा. नवरदेवाने चौकड्यांचा किल्ट घातलेला असतो, पुढे स्पोरन नावाचा चामडी बटवा लटकत असतो आणि उजव्या पायातल्या लोकरी मोज्याच्या दुमडीतून एक काळी मूठ डोकावत असते. ही स्कीअन डू, म्हणजे पोशाखासोबत मिरवायची छोटी सुरी. बॅगपाइप बँडच्या प्रमुखाच्या कमरेला मात्र याहून बरेच मोठे, फूटभर पात्याचे हत्यार दिसते. त्याचे नाव डर्क.

दोन्ही हत्यारे एकाच पोशाखात दिसतात, म्हणून दोन्ही सारखीच जुनी असणार असे आपण धरून चालतो. तसे नाही. डर्क खरोखर जुना आहे, रोजच्या वापरातला आणि रणांगणातला आहे. मोज्यातली सुरी आज ज्या जागी आणि ज्या मानाने दिसते, ती गोष्ट फार तर दोनशे-सव्वादोनशे वर्षांची. या दोघांच्या मधे एक कायदा येतो. त्या कायद्याने हत्यारांवर बंदी घातलीच, शिवाय ती ज्यावर बांधली जात तो पोशाखही गुन्हा ठरवला. तो समजला की आज उत्सवात दिसणारा हा सगळा थाट कुठून आला हे कळते.

डर्क कसा असतो

स्कॉटलंडचा उत्तर आणि पश्चिमेकडचा डोंगराळ भाग म्हणजे हायलँड्स. इथले लोक गेलिक बोलत आणि क्लॅन नावाच्या कुळांत राहत. कुळप्रमुख हाच जमीनदार आणि लढाईत तोच सेनापती. दक्षिणेकडच्या सखल भागातले लोक, म्हणजे लोलँडर, स्कॉट्स भाषा बोलत आणि त्यांचा पेहरावही वेगळा असे. आज जगभर ज्याला ‘स्कॉटिश पोशाख’ म्हणतात, तो मुळात या हायलँडवाल्यांचा.

डर्क हे त्यांचे कमरेचे हत्यार. कट्यार म्हणावी तर मोठे, तलवार म्हणावी तर लहान. पाते साधारण एक फूट किंवा थोडे जास्त, सरळ, बहुतेक एकाच बाजूला धार असलेले आणि टोकाकडे निमुळते. पाठीची बाजू चांगली जाड. हातात धरले की त्याचे वजन जाणवावे असा घाट.

त्याचा पूर्वज मध्ययुगीन युरोपात सगळीकडे वापरला जाणारा एक खंजीर होता. त्याच्या मुठीच्या तळाशी दोन गोल उंचवटे असत. स्कॉटलंडमध्ये या खंजिराचे पाते लांबले, उंचवटे हळूहळू चपटे झाले आणि सतराव्या शतकात डर्कला त्याचे स्वतःचे रूप आले. संग्रहालयात जुना डर्क पाहायला मिळाला तर मुठीचा तळ नक्की पाहा. पात्याला टेकणारे ते दोन खांदे म्हणजे त्या उंचवट्यांचीच खूण. तलवारीला असते तशी हाताच्या बचावाची आडवी पट्टी डर्कला नसते.

मूठ लाकडाची, एकाच तुकड्यातून कोरलेली. त्यासाठी स्थानिक लाकूड वापरत. दलदलीच्या पीट मातीत हजारो वर्षे गाडले जाऊन काळे पडलेले ओक हे त्यातले खास. मुठीवर एकमेकांत गुंतत जाणाऱ्या पट्ट्यांची नक्षी असे, जिचा धागा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सापडत नाही. नक्षी दिसायला सुंदर आहेच, पण ओल्या किंवा रक्ताळलेल्या हातातून मूठ निसटू नये हे कामही ती करते. जुन्या कारागिरीतला हा भाग मला सगळ्यात आवडतो: सौंदर्य आणि उपयोग वेगळे काढताच येत नाहीत.

पाते मात्र अनेकदा दुसरीकडून आलेले असे. तुटलेल्या किंवा झिजलेल्या तलवारीचे पाते कापून त्याचा डर्क करण्याची पद्धत सर्रास होती. चांगले पोलाद महाग होते आणि तलवारीची पाती बरीचशी जर्मनीतल्या सोलिंगेनसारख्या गावांतून येत. त्यामुळे हायलँडमधल्या गावात कोरलेल्या मुठीखाली जर्मन लोहाराची खूण सापडते. लढाईत मोडलेली तलवार फेकून द्यायची कुणाची ऐपत नव्हती.

डर्क कमरेच्या पट्ट्याला चामडी म्यानात अडकवत. अठराव्या शतकात त्याच म्यानाला बाहेरून छोटे कप्पे आले आणि त्यांत एक लहान सुरी व एक काटा बसवला जाऊ लागला. म्हणजे जेवायची सोयही कमरेलाच. डोंगरात गुरे हाकताना, लाकूड तोडताना, शिकार सोलताना डर्क कामाला येई. हायलँडमधल्या सरकारी फौजेचे प्रमुख जनरल वेड यांच्या काळात इन्व्हर्नेसला राहिलेल्या एडमंड बर्ट नावाच्या इंग्रजाने याचे वर्णन केले आहे. लाकूड कापायला लागतो म्हणून आम्ही डर्क बाळगतो, असे लोक सांगतात, पण प्लॅडखाली, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या लोकरी कापडाखाली, लपणारे आणि जवळून भोसकायला तयार असलेले हे घातकी हत्यार आहे, असा त्याचा सूर. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. एकच वस्तू त्या माणसाचे अवजार होती आणि शस्त्रही.

एडिनबराच्या स्कॉटिश नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जॉन मायकेल राइटने १६८० च्या दशकात काढलेले लॉर्ड मंगो मरे याचे उभे चित्र आहे. अंगभर प्लॅड, हातात बंदूक, शिवाय पिस्तुले, तलवार आणि डर्क. हायलँडचा सरदार स्वतःला कसा पाहत होता, हे या चित्राइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते. हत्यारे त्याच्या पोशाखाचाच भाग होती.

ढालीमागचे टोक

डर्कचा लढाईतला उपयोग समजायला हायलँड चढाई समजून घ्यावी लागते. हायलँडवाले उतारावरून धावत येत, जवळ पोचल्यावर बंदुकांची एक फैर झाडत आणि बंदुका तिथेच टाकून तलवारी उपसत. उजव्या हातात रुंद पात्याची तलवार, डाव्या दंडावर टार्ज नावाची लाकूड-चामड्याची गोल ढाल, आणि त्याच डाव्या मुठीत डर्क, टोक ढालीच्या कडेखाली बाहेर आलेले. समोरच्या शिपायाची संगीन ढालीवर घ्यायची आणि त्याच क्षणी तलवारीने किंवा डर्कने वार करायचा. १६८९ ला किलीक्रँकी आणि सप्टेंबर १७४५ ला प्रेस्टनपॅन्स इथे या चढाईने सरकारी फौजेची रांग काही मिनिटांत मोडली.

१६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर ती चालली नाही. पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी लढणाऱ्या जॅकोबाइट फौजेचा हा शेवटचा सामना. या फौजेत सगळेच हायलँडर नव्हते आणि पुष्कळ हायलँडर सरकारच्या बाजूनेही लढले, हे विसरू नये. जमीन सपाट आणि पाणथळ होती, तोफांचा मारा जबर होता. सरकारी फौजेचा सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंडने आपल्या शिपायांना एक नवी गोष्ट शिकवली होती. समोरच्या माणसाला भोसकू नका, त्याच्यापुढे ढाल आणि डर्क आहे. तुमच्या उजवीकडे चाल करून येणाऱ्याला भोसका, कारण तलवार उगारली की त्याची उजवी कूस उघडी पडते. लढाई तासाभरात संपली.

हत्यार आणि कपडे, दोन्ही गुन्हा

त्यानंतरचा कायदा हा या कथेचा कणा आहे. हायलँडमधली हत्यारे काढून घेण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. १७१६ च्या कायद्यात तलवार, ढाल, पिस्तुलांबरोबर डर्कचे नाव स्पष्ट लिहिले होते. पण सरकारशी एकनिष्ठ असलेल्या कुळांनी आपली हत्यारे आणून दिली आणि बाकीच्यांनी गंजलेले भंगार जमा करून चांगला माल छपरात लपवला. १७२५ मध्ये दुसरा कायदा आला. तरीही १७४५ चा जॅकोबाइट उठाव झालाच.

१७४६ चा कायदा म्हणूनच वेगळा होता. त्यात हत्यारांच्या जोडीला कपडे आले. १ ऑगस्ट १७४७ पासून पुरुष आणि मुलांना प्लॅड, किल्ट किंवा हायलँड पोशाखातली कोणतीही वस्तू घालायला बंदी झाली. टार्टन म्हणजे चौकड्यांच्या कापडाचा कोटसुद्धा चालणार नव्हता. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने तुरुंग, दुसऱ्याला ७ वर्षांसाठी समुद्रापार वसाहतीत रवानगी. बंदूक बाळगणाऱ्याला शिक्षा करणे समजू शकते. बारा हात कापड गुंडाळल्याबद्दल माणसाला समुद्रापार धाडायचे, यातून सरकारला नेमके काय मोडायचे होते ते दिसते. पोशाख, हत्यार आणि कुळाशी निष्ठा या तिन्ही गोष्टी एकमेकींत विणलेल्या आहेत, हे लंडनने बरोबर ओळखले होते.

कायद्याला एक मोठी पळवाट होती आणि ती जाणूनबुजून ठेवलेली होती: राजाच्या फौजेतल्या शिपायांना बंदी लागू नव्हती. ज्याला किल्ट घालायचा आणि कमरेला पाते बांधायचे, त्याने ब्रिटिश सैन्यात भरती व्हावे. ब्लॅक वॉच ही पलटण १७३९ मध्ये उभी राहिली होती आणि तिच्या शिपायांना हौस असेल तर स्वखर्चाने डर्क बाळगता येई. बंदीच्या काळात हायलँड पलटणी वाढत गेल्या. लोकांच्या अंगावरून उतरवलेला पोशाख गणवेश म्हणून जिवंत राहिला, आणि जे राज्य त्याला घाबरत होते त्याच राज्याच्या कामाला लागला.

बंदी १७८२ मध्ये उठली. लंडनमधल्या हायलँड सोसायटीने त्यासाठी प्रयत्न केले आणि मार्क्विस ऑफ ग्रॅहम यांनी संसदेत प्रस्ताव मांडला. पण पस्तीस वर्षे म्हणजे एक अख्खी पिढी. तोवर शेतकरी विजारीत वाढला होता, गावातली हत्यारे गेली होती. रोजचा पोशाख म्हणून किल्ट सर्वत्र परत आला नाही. परत आला तो सैन्यात आणि श्रीमंतांच्या समारंभांत.

असईचा हत्ती

या सैनिकी वाटेवर आपले एक गाव लागते. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्ली लढला. त्याच्या पायदळात ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. शिंद्यांच्या तोफांपुढे ७४ व्या पलटणीची अक्षरशः वाताहत झाली. युद्धानंतर या पलटणींना मानचिन्ह मिळाले: हत्ती, आणि त्याच्या वर ‘असई’ हे नाव. ७८ वी पलटण १८८१ मध्ये सीफोर्थ हायलँडर्समध्ये विलीन झाली, आणि या पलटणीच्या अधिकाऱ्यांच्या डर्कच्या चांदीच्या साजावर तो हत्ती कोरला जाऊ लागला.

मराठी माणसासाठी ही गोष्ट सुखाची नाही. असई हा आपला पराभव आहे. तरीही एका हायलँड हत्यारावर मराठवाड्यातल्या खेड्याचे नाव असणे, हे दोन्ही मुलुखांच्या इतिहासात मोलाचे आहे. कलोडननंतर ज्यांच्या आजोबांची हत्यारे काढून घेतली गेली, त्यांचे नातू त्याच साम्राज्यासाठी आपल्या मुलखात लढले. सीफोर्थच्या वस्तू आज इन्व्हर्नेसजवळच्या फोर्ट जॉर्जमध्ये आहेत. हा किल्ला कलोडननंतर हायलँडवर जरब बसवण्यासाठी बांधला गेला आणि आता तिथे हायलँड पलटणींचे संग्रहालय आहे. तिकडे जाणाऱ्या मराठी माणसाने हत्तीचे चिन्ह जरूर शोधावे.

राजाची भेट आणि चांदीचा काळ

ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला. राज्य करणारा राजा दीडशेहून अधिक वर्षांनी स्कॉटलंडमध्ये येत होता. स्वागताची सगळी आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी केली आणि सरदार मंडळींना हायलँड पोशाखात यायला सांगितले. राजाने स्वतःसाठी लाल टार्टनचा पोशाख करवून घेतला. हत्यारे आणि दागिने धरून त्याचा खर्च आला १,३५४ पौंड १८ शिलिंग. ७५ वर्षांपूर्वी ज्या कपड्यांसाठी तुरुंग होता, ते आता राजाच्या अंगावर होते. लोलँडच्या लोकांनीही टार्टन शिवून घेतले आणि हायलँडचा पोशाख सगळ्या स्कॉटलंडचा झाला. पुढे राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी हायलँडमधला बाल्मोरल हा वाडा घेतल्यावर या हौसेला आणखी जोर आला.

डर्कवर याचा परिणाम लगेच दिसतो. मूठ काटेरी थिसल फुलासारखी वर फुगीर झाली. जुन्या गुंतलेल्या नक्षीची जागा टोपलीसारख्या विणीने आणि तिच्यातल्या चांदीच्या टिकल्यांनी घेतली. मुठीच्या माथ्यावर केर्नगॉर्म हा धुरकट तपकिरी स्फटिक बसला. तो त्याच नावाच्या डोंगरात सापडतो, पण पुढे मागणी इतकी वाढली की ब्राझीलहून दगड आणावे लागले. म्यानावर चांदीचे पत्रे आले. काटा-सुरी तशीच राहिली, त्यांच्या मुठीही खड्यांच्या झाल्या. यातली कारागिरी उच्च दर्जाची आहे, पण या डर्कने कुणी लाकूड तोडले नसेल. मला विचाराल तर काळ्या ओकची, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली जुनी मूठ या सगळ्या चांदीपेक्षा जास्त बोलते.

मग मोज्यातली सुरी कुठून आली

स्कीअन डू म्हणजे काळी सुरी. मूठ काळी म्हणून किंवा ती लपवून ठेवायची म्हणून, असे दोन्ही अर्थ लावले जातात. तिच्याआधी स्कीअन अख्लिश नावाची थोडी मोठी सुरी होती, ती काखेजवळ, बाहीत किंवा जाकिटाच्या आत ठेवत. एक गोष्ट हमखास सांगितली जाते: पाहुणा दुसऱ्याच्या घरी गेला की काखेतली सुरी काढून मोज्यात, यजमानाला दिसेल अशी खोची, म्हणजे मनात काही काळेबेरे नाही हे कळे. गोष्ट गोड आहे, पण ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. शिकारीत जनावर सोलायच्या छोट्या सुरीशीही तिचे नाते जोडले जाते, आणि तिचा आकार पाहता ते पटण्यासारखे आहे.

भक्कम पुरावा चित्रांचा आहे. जुन्या चित्रांत कमरेचा डर्क ठळक दिसतो. मोज्यातली सुरी नजरेत भरते ती हेन्री रेबर्नने १८१२ च्या सुमारास काढलेल्या ग्लेनगॅरीच्या अलस्टर रॅनल्डसन मॅकडॉनेलच्या चित्रात. त्याच्या कमरेला डर्क आहे आणि उजव्या मोज्याच्या वर सुरीच्या मुठी दिसतात. हा कुळप्रमुख खऱ्या हायलँडरांची सोसायटी काढून परंपरेचा अभिमान मिरवत होता आणि त्याच काळात आपल्या जमिनीवरून ती कसणाऱ्या शेतकऱ्यांना हुसकून मेंढ्यांसाठी कुरणे मोकळी करत होता. पोशाख टिकला, पण तो ज्यांचा होता त्यांतले हजारो लोक कॅनडाला गेले. हे माहीत नसेल तर त्या सुंदर चित्राचा अर्धाच अर्थ लागतो.

१८२२ नंतर स्कीअन डू समारंभी पोशाखाचा नेहमीचा भाग झाली. आजचा शिरस्ता साधा आहे. उजव्या हाताने काम करणारा उजव्या मोज्यात घालतो, डावखुरा डाव्या. मोज्याबाहेर फक्त मुठीचा वरचा भाग दिसला पाहिजे; अर्धे म्यान बाहेर आले तर चालताना पडते. पाते साधारण तीन-चार इंच. दिवसा ट्वीडच्या जाकिटावर सांबरशिंगाची मूठ शोभते, रात्रीच्या मेजवानीला काळी मूठ आणि चांदीचा साज. डर्क मात्र फार थोडे लोक घालतात: वादक, सैनिकी अधिकारी आणि अगदी मोठ्या समारंभातले पाहुणे. २५ जानेवारीला स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवसाच्या मेजवानीत हॅगिस नावाच्या पदार्थावरची त्याची कविता म्हणताना, सुरीचा उल्लेख आला की म्हणणारा डर्क किंवा स्कीअन डू उपसून हॅगिस फाडतो. वर्षातून एकदा का होईना, पात्याला काम मिळते.

आजचा कायदा काय म्हणतो

ब्रिटनमध्ये सार्वजनिक जागी पाते घेऊन फिरणे गुन्हा आहे. सूट आहे ती तीन इंचांपर्यंतच्या पात्याच्या, घडी घालता येणाऱ्या खिशातल्या चाकूला. स्कीअन डूची घडी होत नाही, त्यामुळे ती या सुटीत बसत नाही. पण स्कॉटलंडच्या १९९५ च्या फौजदारी कायद्यात आणि इंग्लंड-वेल्सच्या १९८८ च्या कायद्यात आरोपीला मांडता येतील असे काही बचाव दिले आहेत: कामासाठी, धर्मासाठी किंवा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून. शिखांचे कृपाण धर्माच्या बचावात येते, किल्टवाल्याची सुरी पोशाखाच्या. १७४६ च्या कायद्याने पोशाखामुळे माणूस गुन्हेगार ठरत होता. आता तोच पोशाख त्याला वाचवतो.

ही सवलत पोशाखाला आहे, सुरीला नाही. किल्ट बदलून जीन्स घातली आणि सुरी खिशात टाकून रस्त्यावर आलात, तर राष्ट्रीय पोशाखाचा बचाव उरत नाही. लग्नाहून परतताना हे लक्षात ठेवावे लागते. भाड्याने किल्ट देणारी दुकाने अनेकदा पाते नसलेली, मूठ आणि म्यान एकाच तुकड्यात ओतलेली नकली सुरी देतात, त्यामागचे एक कारण हेच. विमानात खरी सुरी हातातल्या बॅगेत चालत नाही, ती चेक-इनच्या सामानात ठेवावी. आणि स्कॉटलंडहून भेट म्हणून आणणार असाल तर आपल्या देशात पोचल्यावर तिथले नियम लागू होतील, तेव्हा विकत घेण्याआधी विमान कंपनी आणि कस्टम्स या दोघांकडे चौकशी करावी.